उघाडीच्या फळ्या

१५ मे १९९४

आज घबाडच हाती लागलं! खाडीकाठच्या मोरवा गावात, बांधावर चार फळ्या उन्हात टाकलेल्या. जुनं सागवान, वाजवलं की खणखणतं. फिरंग्यांच्या वेळचं म्हणे. तेवढं नसेल, पण पडक्या मीठचौकीइतकं जुनं नक्की. मीठ पिकवणाऱ्या राघोचा थोरला, सूरज, तिथेच उभा होता. "घेऊन जा काका, मिठागर तर बिल्डरला गेलंय."

रिक्षात घालून आणल्या. चाळीस वर्षं वर्कशॉपात लाकडी साचे केले, मला लाकूड कळतं. नातीला, इशिताला, झोपाळा करणार.

२२ मे

गॅलरीत लांब पडत होत्या. प्रत्येक फळी चार बोटं कापली. करवतीचे दोन दात गेले. तुकडे इशिताने घर-घर खेळायला पळवले.

५ जून

राघो दाराशी. चपला बाहेर काढून उभा, आत येईना. फळ्या उघाडीच्या निघाल्या — म्हणजे बांधातलं दार, भरतीला खाडी अडवायचं. दरवर्षी मृगाआधी काढायच्या, तेल पाजायचं, वाळवायच्या, पुन्हा खाचेत बसवायच्या. त्याच्या आज्यापासूनचं काम.

"पोराला कल्लं न्हाय, साहेब. द्या परत."

इशिता झोपाळ्यावर गाणं म्हणत होती. मी म्हटलं, दुसऱ्या कर की.

"नवं लाकूड खाच धरत न्हाय. ह्या पानी पितात, फुगतात, मग खाडीच्या बापाला ऐकत न्हाय."

कापल्या आहेत हे सांगितलं नाही. साचेवाल्याने दुसऱ्याचा साचा बिघडवला — कुठल्या तोंडाने सांगू?

९ जुलै

काल अवस होती. झोपाळ्याला घाम फुटला. पुसला, पुन्हा ओला. जीभ लावून बघितली — खारट.

सूनबाई, ममता, म्हणाली, "बाबा, देऊन टाका ना. मला नाही बरं वाटत." मुलाचं, परागचं, आपलं एकच, "बिल्डर बघून घेईल, टेन्शन काय घेताय?" मीठ मुरलेलं लाकूड पावसाळ्यात ओलावणारच, त्यात भुताखेताचं काही नाही. तरी आज त्यावर बसलो नाही.

१७ जुलै

मोरव्यातली विहीर खारी झाली. राघोने उघाडीत चिखलाच्या गोणी रचल्यात. आपल्याला काय, टँकर येतो.

७ ऑगस्ट

दिव्यांची अवस. दुपारच्या भरतीत गोणी वाहून गेल्या. आगरात कंबरभर पाणी. अर्धं आगर बिल्डरच्या भरावाखाली गेलंय, पाणी पसरणार कुठे? आम्ही तळमजल्यावर. इशिता जमिनीवर गादी घालून झोपते. धडकी भरली.

राघो रस्त्यात भेटला. "पुनवेचं उधान याच्या दुप्पट, साहेब." सरळ धमकी! घरी येऊन तणतणलो. ममताने इशिताची गादी उचलून पलंगावर टाकली.

२० ऑगस्ट

झोपाळा सोडवला. इशिताने रडून घर डोक्यावर घेतलं. फळ्या टेम्पोने राघोकडे पोचवल्या.

त्याने प्रत्येक फळीवरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. तेल पाजलं. त्याच्या बायकोने, सुगंधाने, हळदकुंकू लावून वर नारळ ठेवला. पूजेआधी खाचेला लावायच्या नाहीत, अशी त्यांची रीत. उद्या नारळी पौर्णिमा. सकाळी पूजा, मग ओहोटीत बसवायच्या, दुपारच्या भरतीआधी.

"लई उपकार झालं, साहेब."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं. सुगंधाने चहा दिला. प्यायलो आणि निघालो.

२३ ऑगस्ट

आमचा उंबरा कोरडा. आमची इमारतही भरावावरच; त्याने आम्हाला वर उचललं आणि सगळं पाणी मोरव्यात लोटलं. राघो भीत होता ते मोरव्यासाठी.

परवा फळ्या खाचेत ठरेनात, म्हणून तो पाठ लावून उभा राहिला. सूरज दोर आणायला धावला, तेवढ्यात फळ्यांसकट राघो वाहून गेला. काल त्याचं प्रेत खाडीच्या तोंडाशी सापडलं.

आज सुगंधा आली. चपला बाहेर काढल्या. रडली नाही. "किती कापल्या व्हत्या?"

चार बोटं, मी म्हणालो.

तिने स्वतःची चार बोटं जुळवून पाहिली आणि गेली.