दोन बटणांचा अहवाल

तात्या, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी तुम्हाला पत्र लिहितो आहे, हे कुणाला सांगितलं तर हसतील. चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बसलो आहे. पहिली शिफ्ट सुटली, थेरगावची बस मी मुद्दाम सोडली. समोर दोन कागद आहेत. एकावर हे लिहितो आहे. दुसरा अपघाताचा अहवाल, तो उद्या सकाळी अकराच्या आत मॅनेजरच्या टेबलावर जायला हवा. तुम्ही आमचे फोरमन, मला पत्रा कापायच्या प्रेसवर तुम्हीच उभं केलंत, म्हणून विचारायला दुसरं कुणी सुचलं नाही.

शिफ्ट सुरू होण्याआधी तुम्ही आम्हाला पाच मिनिटं फळ्यासमोर उभं करायचात. वर दिवसाचं टार्गेट आणि खाली 'आजची माहिती', वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीतून उचललेली. मी आयटीआय अर्धवट सोडून आलेला, पण अक्षर बरं, म्हणून फळा माझ्याकडे. तुम्ही सांगता, "लिव, ऑक्टोपसला तीन काळजं असत्यात." मागून कुणीतरी विचारतो, "आन आपल्या मॅनेजरला, तात्या?" तुम्ही चष्मा पुसत म्हणता, "चौकशी चालू हाय." जिराफ जेमतेम डुलकी काढतो हे लिहिलं त्या दिवशी म्हणालात, "त्याला कुणी हितला पत्ता देऊ नका. सगळा ओव्हरटाइम त्योच घेऊन जाईल." सगळे हसत होते आणि तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघत होतात. नंतर चहाला मला बाजूला घेऊन सांगितलंत की जो हसला न्हाई तो घरनं कायतरी घेऊन आलाय, त्याला आज प्रेसवर लावायचा न्हाई, पॅकिंगला द्यायचा. माहिती कशासाठी असायची ते मला त्या दिवशी कळलं.

दीड वर्षापूर्वी मी लाइन लीडर झालो. आजची माहिती मी अजून लिहितो, एक दिवस चुकवलेला नाही. फक्त लिहून झाल्यावर मी माणसांकडे पाठ करून फळाच वाचत राहतो, कुठे काना-मात्रा सुटली का बघायला. मंगळवारी कोण हसला नाही, हे मला विचारलं तर सांगता येणार नाही.

मंगळवारी चहानंतर जुन्या प्रेसवर लातूरकडच्या ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली, पहिल्या पेरापासून. तुम्हाला ते प्रेस माहीत आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ते खाली येत नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण एक बटण अडकवून ठेवलं की एक हात मोकळा होतो आणि तासाला बरेच पीस जास्त निघतात. आमच्याकडे सगळे पुठ्ठ्याची घडी खुपसायचे. ती सारखी पडायची, लाइन थांबायची, टार्गेट हुकलं की वरून मला बोलणी. तुमच्या वेळी असा पुठ्ठा सापडला तेव्हा तुम्ही प्रेस बंद करून दिवसभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला होतात. मी काय केलं, तात्या? तुम्ही मला दिलेल्या सहा इंची पट्टीने बटणाची रुंदी मोजली, टूलरूममध्ये पत्र्याची क्लिप बनवली, कडा घासून गुळगुळीत केल्या, कुणाला लागू नये म्हणून. ती कधी पडली नाही. सहा महिने आमची लाइन पहिली येत होती.

मॅनेजरना फक्त बटण अडकवलेलं होतं एवढं ठाऊक आहे. म्हणाले, "अहवाल तूच लिही. ऑपरेटरने स्वतःच्या मनाने बटण अडकवलं, चार ओळी पुरेत. तुझं लिखाण स्वच्छ असतं." तसं लिहिलं तर तो कंत्राटी माणूस उद्याच गेटबाहेर जाईल आणि दोन बोटं कमी असलेल्याला या पट्ट्यात दुसरं कुणी उभं करणार नाही. खरं लिहिलं तर मी जाईन, बहुतेक पोलीसही येतील. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही. काल दवाखान्यात गेलो तर तो बँडेजचा हात उशीवर ठेवून पडलेला. मला बघून उठायला लागला. "सर, तुम्ही कशाला आलाव? लाइन कोन बघायलंय?" मग आवाज खाली करून म्हणाला, "क्लिपचं म्या कुनाला बोललो न्हाई. बाजूच्यानं काढून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. तुम्ही टेन्शन घेऊ नका." त्याची बायको शेजारी मोसंबी सोलत होती. तिने मला अर्धी दिली आणि मी ती खाल्ली.

तुमच्या सगळ्या युक्त्या मी तुम्ही गेल्यावर एका वहीत उतरवल्या होत्या. चुकलेल्याला कोपऱ्यात न्यायचं, कौतुक चहाच्या रांगेत करायचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काम नाही, संडास आणि पाणी दाखवायचं. साहेबाला वाईट बातमी जेवणाआधी द्यायची, नंतर दिली तर तो झोपेत ऐकतो. आज दुपारपासून ती वही तीनदा वाचली. गप्प राहायला सांगणारी एकतरी ओळ सापडेल म्हणून वाचत होतो. नाही सापडली. तुम्ही सांगितलेलं एखादं लिहायचं राहिलं असेल, असंही मनाला समजावून बघितलं.

अहवालाचं पहिलं वाक्य आत्ता लिहिलं आहे: बटण अडकवण्याची क्लिप मी तयार केली होती. हे पत्र कुठेच जाणार नाही, ते सगळं मी पेनने लिहिलं. ते वाक्य अजून पेन्सिलीने आहे.