भरल्या गाडीची वाट

बदनापूर स्टेशनाजवळचा तळ,
मंगळवार, ता. २१ सप्टेंबर १९४८, दुपारी अडीच वाजता.

प्रिय सगुणाक्का,

टँकच्या पट्ट्यांत बसलेली काळी माती लोखंडी सळईनं उकरत होतो, ते काम अर्धं टाकून हे लिहायला बसलो आहे. माती तुझ्याच शिवारातली आहे. मागच्या बुधवारपासून काढतोय, निघता निघत नाही. वाळली की दगड होते. मला आता टँक चालवायला देत नाहीत, धुवायला देतात. अक्षरं मुद्दाम मोठी आणि सुटी काढली आहेत, म्हणजे तुला एकटीला वाचता येतील. मेंढरं बसली की राखेत बोटानं गिरवून तुला शिकवली होती, तीच ही. पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नको. मास्तरांकडून तर नाहीच. त्यांच्या ओसरीवर कोण कोण येऊन बसतं ते मला माहीत नाही.

चतुराबाई तळावर दूध घालायला येते, तिच्या हाती हे पाठवतो आहे. तिचा भरवसा किती धरावा हेही कळत नाही, पण तिला वाचता येत नाही एवढं मी बघून घेतलं. तीच काल म्हणाली, "सगुणा कोणासंगं बोलंना झालीय. भावानंच नवरा धरून दिला म्हन्ते." मी धरून दिलं नाही, अक्का. तू घरात होतीस, तुला लोकांनी आपापल्या सोयीनं सांगितलं असेल. म्हणून जसं झालं तसं लिहितो.

मी नगरला पळून जाऊन भरती झालो तेव्हा तुला वाटलं होतं, एवढ्या लोखंडाच्या आत बसणाऱ्याला काय भ्या. आत बसणाऱ्याला दिसतच काही नाही. झाकण लावलं की चालवणाऱ्यासमोर वीतभर काच उरते. बाकी तेलाचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज आणि भट्टीसारखा उकाडा. वर दफेदार उभे असतात, ते कानातल्या यंत्रातून सांगतील तिकडं वळायचं. ब्रह्मदेशात एका म्हाताऱ्यानं आम्हाला हसत हसत वाट दाखवली. पुढचा टँक सुरुंगावर गेला आणि जळाला. त्यातलं कोणी बाहेर आलं नाही. त्या म्हाताऱ्याला सुरुंग माहीत होता की नाही, ते आजवर कोणाला कळलं नाही. तेव्हापासून कडब्याची गंजी दिसली तरी तिच्यामागं तोफ असेल असं वाटतं, आणि वाट दाखवणारा हसला की जास्तच वाटतं.

बुधवारी आम्ही निजामाच्या फौजेमागं औरंगाबादेकडून जालन्याकडं निघालो होतो. तुझ्या गावच्या ओढ्यावरची रस्त्याची मोरी कोणीतरी उकरून ठेवली होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आम्ही थांबलो तोच ज्वारीतून एक माणूस हात वर करून आला. घोंगडी खांद्यावर टाकायची ढब आणि डावा पाय फेकत चालणं बघून मी काचेतूनच ओळखलं. मीच दफेदारांना सांगितलं, हे माझे दाजी आहेत. म्हणून तर त्यांनी विश्वास ठेवला. दाजी पुढं चालू लागले. गाडीवाटेची चाकोरी सोडून त्यांनी आम्हाला बांधाकडच्या गवतावरून नेलं. ओढा उतरून चढलो आणि थोड्याच अंतरावर टँक पोटापर्यंत रुतला.

आमच्या टँकवरचा रामकिसन दोर अडकवायला खाली उतरला, तेवढ्यात ज्वारीतून दोन गोळ्या आल्या. एक त्याच्या खांद्यात बसली. आणि त्याच वेळी दाजी पळाले, तेही ज्वारीकडंच. त्यांना धरून आणल्यावर दफेदारांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तेरा जीजा है, या उनका आदमी?" मला उत्तर देता आलं नाही.

का देता आलं नाही, तेही तुझ्यापासून लपवत नाही. शिमग्याला मी साध्या कपड्यांत लपून तुझ्याकडं आलो होतो. तेव्हा निजामाच्या पोलिसांचा अमीन तुमच्या ओट्यावर चहा पीत होता आणि मी आत धान्याच्या कणगीमागं उभा होतो. दाजी त्याच्याशी मोकळं हसत होते. नंतर तू म्हणालीस, गाडी वेठीला धरतात, हसल्याशिवाय बैल सुखरूप परत येत नाहीत. पटलं मला. पण वेठीच्या गाडीला भाडं मिळत नाही, आणि दाजींच्या अंगावर नवा कोट होता. कोटाबद्दल तू काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

दाजी तळावरच एका तंबूत आहेत. मारलेलं नाही, जेवण बराबर मिळतं. काल मला भेटू दिलं. त्यांनी आधी तंबाखू मागितली. मी विचारलं, चाकोरी का सोडली? ते म्हणाले, "पावसाळ्यात चाकोरीत गाडी घालतं का कोणी? धनगराचा तू, तुला काय कळावं. गवतावरून मी बारा पोती भरून जातो. तुमचं धूड कितीचं हाये, मला काय ठाव?" ज्वारीत बैल बांधले होते, गोळीनं बुजतील म्हणून धावलो, असंही म्हणाले. बैल आमच्यापैकी कोणी पाहिले नाहीत. दाजींचं बोलणं खरं वाटतं. पण खोटं बोलणारानंही हेच सांगितलं असतं.

मी ते सगळं तळावरच्या साहेबांना सांगितलं. काल रात्री पुन्हा तसाच पाऊस झालाय, म्हणून त्यांनी परवा गुरुवारी सकाळी ओढ्यावर यायचं कबूल केलं आहे. दाजींना सोडायचं की औरंगाबादेला खटल्यावर पाठवायचं, ते तिथंच ठरेल. त्यासाठी हे पत्र. तू तुमचीच गाडी आणि तुमचेच बैल घेऊन ये. बारा पोती भर. कोंडा भरू नको. पोती उघडून बघा असं मीच साहेबांना सांगितलं आहे. ओढ्याअलीकडं कासरा सैल सोडायचा. दाजी खरंच त्या वाटेनं जात असतील तर बैल आपसूक चाकोरी सोडून गवताकडं वळतील आणि गाडी पार होईल. नाही वळले, किंवा चाक बसलं, तर मला तोंड उघडायला जागा उरणार नाही. ती गाडी रोज कुठून जाते ते मला माहीत नाही, साहेबांना नाही. तुला माहीत आहे. बैल वळणार नाहीत हे तुला आधीच ठाऊक असेल, तर येऊ नको. दाजी औरंगाबादेला जातील, पण ते तुझ्या हातानं होणार नाही. चतुराबाईजवळ एवढाच निरोप दे, की पवळ्या बैल लंगडतोय. मी साहेबांना तेवढंच सांगेन, आणि तुला कधी काही विचारणार नाही.

तुझाच,
ओढ्याकडं डोळे लावून बसलेला
राधाकिसन