चार नंबरच्या टेबलावरची बडीशेप

मी, लवू सहदेव परब, वय ७४, धंदा खानावळ, राहणार विलेपार्ले (पूर्व), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. अर्धांगाने डावी बाजू गेली, घास लवकर उतरत नाही. पण डोके ठिकाणावर आहे आणि उजवा हात चालतो. जायला हवा होता तो खरे तर उजवाच.

१. राहती खोली मुलगी श्रुतिका हिला. तिच्या आईचा पाटा-वरवंटाही तिलाच. आईला मिक्सर घेऊन द्या म्हणून ती भांडायची, मी दिला नाही. आता पाटा मुलुंडपर्यंत न्यायचा त्रास तिने सोसावा.

२. बँकेतली मुदत ठेव माझा वाढपी राजाराम कांबळे याला द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका. राजाराम म्हणाला, "ठेव राहू दे शेठ. त्या दिवशी मी तिथे होतो, सही मीच करणार." म्हणून ती त्याचा मुलगा प्रबुद्ध यास.

३. खानावळीचा गाळा मुलगा देवेश यास. टेबले काढून तो नुसता पार्सलचा काउंटर करणार आहे. त्याला मनाई करणारे कलम मी लिहिले होते, ते खोडले. घाई या गाळ्यात मीच आणली. जेवायला दहा मिनिटे पुरतात हे मी गिरणीत शिकलो. गिऱ्हाइकाचा हात मंदावला की मी समोर बडीशेपेची बशी ठेवायचो. बशी आली म्हणजे उठा, हे पार्ल्यात सगळ्यांना ठाऊक होते. मागे खुर्चीला खेटून पुढचे गिऱ्हाईक उभेच असायचे. मला या युक्तीचा अभिमान होता.

४. माझी बायको रुक्मिणी पस्तीस वर्षे आत रांधत राहिली आणि आतच उभ्याने जेवली. २०१९ च्या जूनमध्ये डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "एकदा माका भायर बसान जेवचा आसा."

रविवारी दुपारी तिला चार नंबरवर बसवले. राजारामने बांगडा, भात, सोलकढी वाढली. ती एक घास घ्यायची, मग पाच मिनिटे नुसती बघत बसायची. दारात रांग लागली. एक गृहस्थ तिच्या खुर्चीमागे किल्ली वाजवत उभे राहिले. मी जवळून गेलो आणि तिच्यापुढे बशी ठेवली. विचार केला नव्हता, हात गेला.

तिने बशीकडे पाहिले. "लोक उबे आसत," एवढे म्हणून ती उठली. अर्धा बांगडा ताटात राहिला. देवेश गल्ल्यावरून म्हणाला, "बाबा, आई जेवत होती ना."

अकराव्या दिवशी ती गेली. त्या गृहस्थांना माफ करतो असे लिहिणार होतो, पण त्यांचा काय दोष? देवेश तेव्हापासून खानावळीत पाणीदेखील पीत नाही, माझ्याशी कामापुरते बोलतो. असला मजकूर मृत्युपत्रात नको, असे वकीलबाईंचे मत आहे. दुसरा कागद मी आता कुठे लिहू?

५. हल्ली मला वाटीभर पेज संपवायला तास लागतो. देवेश चमच्याने भरवतो. घास उतरेपर्यंत चमचा धरून थांबतो. घड्याळाकडे एकदाही बघत नाही. मला त्याच्यापुढे लाज वाटते, आणि दिवसभर मी त्या पेजेचीच वाट बघतो.

६. माझ्या नावाने गावजेवण घालू नये. सुतक फिटल्यावर एका दुपारी शटर अर्धे ओढून देवेशने चार नंबरवर गिऱ्हाईक म्हणून बसावे. राजारामने वाढावे. देवेश बसला नाही तर त्याला आग्रह करू नये, गाळा तरीही त्याचाच. बसला, तर तो किती वेळ बसतो हे कोणी बघू नये, आणि त्याने मागितल्याशिवाय बडीशेप ठेवू नये.

सही: लवू सहदेव परब
विलेपार्ले, दि. ११ मार्च २०२५

लवू परब यांनी आम्हा दोघांसमोर सही केली. त्यांना वेळ लागला. आम्ही बसून राहिलो.

साक्षीदार:
१. राजाराम कांबळे, वाढपी
२. चंद्रप्रकाश सावे, शेजारी