शेपटीजवळची पाच अक्षरं

मास्तर,

लेन्सवर तिरपं ऊन पडू नये म्हणून पुढं लावायचा हूड मी केला, पीव्हीसीचा पाइप कापून, आतून काळी मखमल चिकटवून. जड लेन्स तोलून धरणारा ट्रायपॉडचा माथा शिरोलीतल्या आमच्या शेडमध्ये मीच लेथवर केला. कठड्यावर लेन्स टेकवायला ज्वारी भरलेली पिशवी शिवली, दाभणानं. पावसासाठी कॅमेऱ्याला छत्रीच्या कापडाचं झबलं, तेही माझंच. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या पंख्याच्या विमानाला शटर फार जलद ठेवलं की पंखा थिजतो आणि विमान हवेतच बंद पडल्यागत दिसतं. मुंबईत दुपारी धावपट्टीवरची हवा थरथरायला लागली की कितीही लांब लेन्स लावा, विमानाची लापशीच होते. हे मला कुणी शिकवलं नाही. तुम्ही तर नाहीच. तुमच्या स्टुडिओत मी शिकलो ते नवरीच्या निगेटिव्हवरचे डाग बुजवायला.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दुपारचा राग काही शिळा होत नाही. मुंबईच्या लग्नाला तुम्ही मला पाठवलं होतंत. दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी मी विमानतळाजवळच्या टेकडीवर गेलो, रोलमध्ये चार फोटो उरले होते, ते काढायला. तीन हलले. चौथ्यात विमान असं आलं की चाकांवरचा चिखल मोजावा, पोटावरचे तेलाचे ओघळ दिसावेत, आणि शेपटीजवळ त्याची पाच अक्षरं, स्वच्छ. ती अक्षरं म्हणजे त्या विमानाचा नंबर, त्याचं नाव. रंग बदलतो, मालक बदलतो, पण त्या अक्षरांवरून माग काढता येतो: कुठं बनलं, कुठं उडलं, कुठं मोडीत निघालं.

स्टुडिओत परतल्यावर रोल धुतला आणि निगेटिव्ह वाळत टाकून मी जेवायला गेलो. परत येतो तर तुम्ही खिडकीशी बसलेले, डोळ्याला भिंग, हातात पेन्सिल. आधी सुरीनं खरवडून, मग पेन्सिल भरून तुम्ही ओघळ बुजवले होते. अक्षरंही.

"मास्तर, नंबर कुठं गेला?"

"काढला की. घाण दिसत हुता."

"अहो, तो त्याचा नंबर होता!"

"मग? नवरीच्या गालावर रेशनकार्डाचा नंबर लिवतोस व्हय रं?"

बाकावर फोटो काढायला आलेलं अख्खं कुटुंब बसलं होतं, ते खो खो हसलं. तुम्हीही. मी तोंड उघडायला गेलो तर म्हणालात, "गप. आता बघ कसं देखणं झालंय." रात्री मी ते पुसून बघितलं. पेन्सिल निघाली, खालचा थरही सुटून आला. शेवटचं अक्षर एम होतं की एन, मला आज सांगता येत नाही. लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणारा माणूस मी, आणि स्वतःच्या पहिल्या विमानाचं नाव मला माहीत नाही!

त्याहून वाईट तुम्ही दिवाळीला केलंत. स्वतःची दोनशे मिलिमीटरची लेन्स माझ्या हातात ठेवलीत. "घे. तुझ्या त्या विमानांस्नी." वर पैशाचं नावही काढू दिलं नाहीत. आता भांडायचं कसं? वीस वर्षं त्याच लेन्सवर फोटो काढले आणि वीस वर्षं गप्प बसलो. एकदा तरी "चुकलं गड्या" म्हणाला असतात तर लेन्स नसती तरी चाललं असतं. तुमच्या शोकसभेत जो तो उठून सांगत होता, मास्तरांच्या हातानं चेहरे उजळले. मी मागच्या रांगेत बसून दात आवळत होतो.

परवा हातकणंगल्याचा एक कॅलेंडरवाला शेडवर आला. मुंबईचे माझे बारा फोटो त्याला हवेत, एका कारखान्याच्या कॅलेंडरला. मी चहा मागवला. मग म्हणतो, "पावणं, त्यो शेपटीजवळचा नंबर तेवढा पुसून द्या की. मालकास्नी साफ पायजे."

"नंबर राहणार."

"आवो, त्यो नंबर बघून कोण ऑर्डर देणार हाय? न्हाय पुसला तर काम न्हाय बघा."

उद्या सांगतो म्हणालो. तिथंच नाही म्हणायला हवं होतं, ते जमलं नाही, कारण पाचशे मिलिमीटरच्या लेन्सची जाहिरात महिनाभर माझ्या फोनवर उघडी आहे. घरी येऊन कॉम्प्युटरवर एका फोटोवरचा नंबर पुसून बघितला. आता सुरी लागत नाही, पेन्सिल लागत नाही. चहा निवायच्या आत झालं. पांढरंशुभ्र अंग, एक डाग नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहितो: देखणं दिसत होतं, मास्तर. बराच वेळ बघत बसलो. मग फाइल सेव्ह न करता बंद केली आणि कॅलेंडरवाल्याला फोन लावला. बारा फोटो, नंबर पुसून, साठ हजार रुपये देत होता. नाही म्हणालो.