सुप्रा गावची भांडखोर माणसं

आसगाव, ता. पवनी
रोवणीचे दिवस

श्रीमान जावईबापू अमरराव यांस, सासऱ्याचा साष्टांग नमस्कार (सासरा असून साष्टांग घालतो, कारण तुम्ही वकील आहात). तुमची व राखीची तब्येत बरी असावी. इकडे सर्व खुशाल, एक मी खुशाल सोडून. फोन न करता लिहितो, कारण फोनवर तुमच्या सासूबाई देवकाबाई मधातच बोलतात आणि माझं म्हणणं राहून जाते.

तर बोडीच्या केसचा हायकोर्टाचा निकाल आला. (बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं आमचं ते लहान तळं, लग्नाच्या वेळी तुम्ही घसरून पडले होते तेच.) आमच्या वकिलांनी प्रत पाठवली आणि ते चारधामला निघून गेले. फोन लागत नाही. निकाल सगळा इंग्रजीत. गावात असलं इंग्रजी वाचणारा माणूस एकच, माझा चुलतभाऊ हेमराजभाऊ, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला. अडचण एवढीच की केस त्याच्याशीच आहे, आणि ती लागल्यापासून आमचं बोलणं बंद आहे.

कागद उलटा-सुलटा करून थकलो, मग गेलो. मला पाहून त्यानं आधी चष्मा पुसला.

"काहून आला?"

"कोण जिंकलं, तेवढं पाहून दे."

"माझीही प्रत आली. मलेही समजून नाही राहिलं. बस, मिळून वाचू."

जावईबापू, हा निकाल आहे की लग्नपत्रिका? पानोपानी परक्यांची नावं. कोणी रामस्वामी विरुद्ध पिल्ले, कोणी हरनामसिंग विरुद्ध सरकार. आमच्या बोडीशी यांचा काय संबंध? आणि नंतर प्रत्येक नावापुढे कंसात 'सुप्रा'. रामस्वामी (सुप्रा), हरनामसिंग (सुप्रा). "गाव असंल," हेमराजभाऊ म्हणाला. मलाही पटलं. आपल्या पत्रिकेत मामाच्या नावापुढे कंसात अड्याळ छापतोच की! पण एका गावात इतकी भांडखोर माणसं? असल्या गावात पोरगी देऊ नये.

पहिल्या पानावर मी 'अपीलकर्ता' आहे, पण पुढे कोणी 'मूळ प्रतिवादी' येतो. हा मूळ प्रतिवादी नावाचा तिसरा हिस्सेदार कुठून आला, ते आम्ही दिवस मावळेपर्यंत शोधत होतो. दोन्ही वकिलांना जजसाहेबांनी 'विद्वान' म्हटलं आहे (हरलेल्यालाही!). दुसऱ्या कोणत्या कोर्टाचं म्हणणं त्यांना पटलं नाही, तर तेही 'अत्यंत आदरपूर्वक' पटलं नाही. हे मी देवकाबाईजवळ करून पाहिलं, पण जमलं नाही. शिवाय पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या टिपा. खरी गोम तिथंच असते म्हणून हेमराजभाऊ त्या भिंग लावून रोज थोड्या-थोड्या वाचतो, आणि मी रोज जाऊन राहिलो. आधी चहा झाला, मग पोहे, काल तर वरणभात जेवूनच आलो. पाण्यावाचून धानाची रोवणी अडली होती म्हणून मधातच दोघांनी जाऊन बोडीचं तोंड उघडलं आणि निकाल समजेपर्यंत पाणी दोघांच्याही धानाच्या बांधीत सोडलं. धान हिरवंगार आहे. वाचन अजून बाकी आहे.

राखीला आशीर्वाद.

तुमचा सासरा,
खुशाल

ता. क. : निकालाची झेरॉक्स सोबत आहे. कोण जिंकलं ते कळवा. मी जिंकलो असेन तर जरा सावकाश कळवा, हेमराजभाऊच्या मनाला लागंल. पाकीट तोच पवनीला नेऊन टाकणार आहे.

ता. क. दुसरा : जावईबापू, मी हेमराज. पाकीट उघडंच होतं म्हणून वाचलं. निकाल मले पहिल्याच दिवशी समजला. बोडीचं पाणी माझ्या एकट्याचं ठरलं. 'सुप्रा' म्हणजे 'मागे सांगितलेलं', गाव-बिव काही नाही. पण इतक्या वर्षांनी तो माझ्या खाटेवर येऊन बसला, त्याले कसं सांगू? तुम्ही अर्धं-अर्धं ठरलं असं लिहा. आणि लिहा इंग्रजीतच, कोर्टासारखं. म्हणजे वाचून घ्यायला तो माझ्याकडेच येईल.