गच्चीवरच्या हवेची वाटणी

मी, फोर्तुनाता सुल्का वामानी, विधवा, राहणार लिमा शहर, टेकडीवर, श्रीमंतांनी आमच्या वस्तीला अडवायला बांधलेल्या भिंतीच्या अलीकडे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना माझी शेवटली इच्छा नोटरीसाहेबांना सांगत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. असा दाखला सरकारने स्वतःसाठी कधी काढला होता का, असं मी विचारलं. साहेब ते लिहीत नव्हते, लिहायला लावलं.

एक. घराची जागा मला कोणी दिलेली नाही. वाळूत बोरूच्या चटया रोवून आम्ही ती बळकावली. सरकारने आधी पोलीस धाडले, मग निवडणूक आली तेव्हा टेकडी चढायला पिवळा रंग दिलेला जिना. आम्ही पाणी मागितलं, तर मालकीचा कागद दिला. अधिकारी म्हणाला, "आजीबाई, आता तुम्ही मालकीण. हा कागद बँकेत दाखवा, गरिबी गेलीच समजा." पाणी अजून टँकरनेच येतं, आणि भिंतीपलीकडचे पोहायच्या तलावात भरतात त्यापेक्षा महाग पडतं.

दोन. तळमजला कायद्याप्रमाणे मुलगा रोमुलो व मुलगी नेलिदा यांचा, सामाईक. एकट्याच्या सहीने तो विकता वा गहाण टाकता येणार नाही. हे मुद्दाम लिहवते, कारण रोमुलो कर्ज देणाऱ्या कचेरीत टाय लावून बसतो आणि टाय सैल करून माझ्याकडे येतो.

"आई, नुसती सही दे. टॅक्सी घेतो, हप्ते आपोआप फिटतील."

"आपोआप फक्त वय वाढतं रे."

"आणि छतावर उभे सोडलेले ते लोखंडी गज कापून टाक. घर पुरं झालेलं दिसलं की किंमत चढते."

"गज कापले तर वर भिंत कशाच्या आधाराने चढवायची? तुझ्या टायच्या?"

हप्ता चुकला म्हणून शेजारीण देल्फिनाचं शिलाई मशीन याच्याच कचेरीने उचलून नेलं. ती खाली साक्षीदार आहे, खात्री करून घ्यावी.

तीन. माझ्या छतावरची हवा, म्हणजे वरचा मजला बांधायचा हक्क, कायद्याने मला मनासारखा देता येतो तेवढ्या हिश्श्यातून, एकट्या नेलिदाला देते. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवते. दर तीन महिन्यांनी तिला काढतात आणि सोमवारी नव्याने घेतात, म्हणजे कायद्याच्या लेखी ती जन्मभर नवीच. स्वस्त घरांच्या सरकारी योजनेत पक्क्या नोकरीचा दाखला मागितला. तो असता तर योजनेच्या दारात कशाला गेली असती? लेकराला घेऊन भाड्याच्या खोलीत राहते. तिने वर बांधावं.

चार. भिंतीपलीकडच्या मेर्सेदेस बाईंचे कपडे मी जन्मभर धुतले. त्यांची गच्ची माझ्या गच्चीवरून दिसते, पण जायला टेकडीला वळसा घालून दोन बस. बाई म्हणायच्या, "फोर्तुनाता, तू तर घरचीच." मी विमा मागितला तेव्हा म्हणाल्या, "अगं, घरच्यांचा कोणी विमा भरतं का?" तेव्हा घरची या नात्याने माझे रबरी हातमोजे बाईंना ठेवते. उजव्याला भोक आहे.

पाच. नेलिदा छत ओतेल त्या दिवशी गल्लीने रिवाजाप्रमाणे यावं. काँक्रीटच्या बादल्या हातोहात वर जाव्यात, खाली मटणाचं सूप उकळावं. माझं छत ओतलं तेव्हा रोमुलोने बियरची पेटी पाठवली आणि स्वतः आला नाही. या खेपेला असंच केलं तर पेटी ठेवून घ्यावी, नाव काढू नये. पण तो टाय काढून आला आणि शेवटची बादली चढेपर्यंत रांगेत उभा राहिला, तर नेलिदाने आपल्या छतावरची हवा त्याच्या नावे करावी. हे तिला मान्य आहे, मी विचारलं.

टाय लावणाऱ्यांचीही नोकरी जाते. तेव्हा त्यालाही डोक्यावर छप्पर लागेल. गज मात्र त्याच्याही छतावर उभेच ठेवावेत.

हवा गहाण घेता का, असं मी बँकेत स्वतः जाऊन विचारून आले. खिडकीतली पोरगी हसली आणि नाही म्हणाली. म्हणून हवाच ठेवून जाते.

हे मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा थांबवून दुरुस्त केलं. आता बरोबर आहे.

सही: फोर्तुनाता सुल्का वामानी (अक्षर वाकडं, पण माझंच)

साक्षीदार: देल्फिना पारियोना, शेजारीण
सातुर्निनो कोंदोरी, गवंडी, माझं छत यानेच ओतलं

लिमा, १४ ऑगस्ट २०१८