काच बसली की सोमलिंग हितंच

२ जानेवारी १९७४, बुधवार

नवी पेठेतल्या कापडवाल्यानं लुगड्यावर ही डायरी फुकट दिली. सून दाक्षायणी म्हनली, अत्ती, तुमाला कशाला, मला वाणसामान लिहायला द्या की. दिली न्हाय. मी तिसरीपर्यंत शिकलेली हाय. मास्तर म्हणायचे, काशम्माचं अक्षर म्हंजे मोती. रोज चारच ओळी लिहायच्या.

यंदाचा निश्चय: कुणाच्या कामात मधी पडायचं न्हाय.

आनंदाची गोष्ट अशी की माझा नातू सोमलिंग पुण्याच्या मोटार कारखान्यातनं सुट्टीवर आलाय, न् त्यानं आमच्या अंगणात पत्रा टाकून गॅरेज काढलंय. सोलापूरच्या बाळीवेशीत गॅरेज! मी दिवसातनं धा वेळा दारात उभी राहते, लोकांना दिसावं की गॅरेजवाल्याची आज्जी कोण. पण पुण्याच्या साहेबाचं पत्र आलंय, सतरा तारखेला हजर व्हा, न्हाय तर जागा दुसऱ्याला. सोमलिंग म्हनला, आज्जी, अकलूजची एक गाडी येणार हाय. ती नीट गेली तर तिच्या मालकाच्या साखर कारखान्याच्या सगळ्या जीपा माझ्याकडं येतील, मंग मी हितंच राहतो. बिघडली तर पुणं.

मी म्हनलं, तू कुटं जात न्हाईस. मी हाय की.

चार ओळींच्या वर थोडं गेलं. उद्या कमी.

४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ११

गाडी आली! लालभडक, विलायतची. बसायला दोघंच, तीबी पाय लांब करून, बाळंतिणीगत. सोमलिंग म्हणतो ही पळायच्या शर्यतीतली जात हाय, असली गाडी आता कंपनीबी काढत न्हाय. शेजारची मल्लव्वा बघायला आली न् म्हनली, काशम्मा, ही तर बसलेल्या म्हशीएवढीबी उंच न्हाय. मी म्हनलं, तुझी म्हैस विलायतला जाऊन आलीय का?

मालक श्रीमंतराव, अकलूजचे. जाडजूड, मिशीवाले, बोलणं मोजकं. पुढं चाललेल्या उसाच्या ट्रकनं दगड उडवला न् समोरची काच तडकली. नवी काच बोटीनं मुंबईला यायला पाच महिने लागले. लाकडी पेटी, आत पेंढा, पेंढ्यात काच. अशी दुसरी अख्ख्या मुलखात न्हाय. पंधरा तारखेला न्यायला येतो म्हणाले. जाताना सोमलिंगला म्हणाले, पोरा, काच फुटली तर पुन्यांदा पाच महिने, आन् मी एवढा थांबणारा माणूस न्हाय.

आता खुबी सांगते. बाकीच्या गाड्यांची काच रबराच्या काठात बसते, लुगड्याला काठ असावा तशी. हिला काठच न्हाय. काच सरळ लोखंडाच्या चौकटीला डिंकानं चिकटवायची. डिंक काळा, डांबरासारखा, नळीत भरून आलेला. मला हसूच आलं. चिकटवणं काय आमाला शिकवता? निम्मं सोलापूर सुताला खळ लावून जेवतंय. मी सोमलिंगला म्हनलं, खळ मी शिजवून देते. तो म्हनला, बेड आज्जी, बेड. आमच्यात नको म्हणायला बेड म्हणतात, न् हा तर दोनदा म्हनला.

६ जानेवारी, रविवार. संध्याकाळी

आजचा दिवस सोन्यानं लिहायला पाहिजे, पण पेन्सिल हाय.

जुनी काच काढायची तर डिंक कापावा लागतो. त्याला सतारीगत बारीक तार. तारेला दोन टोकांना लाकडाच्या मुठी. एक माणूस गाडीत, एक भाईर, न् करवतीसारखं ओढ-सोड करायचं. त्याचा दोस्त गुरुबसप्पा येणार व्हता, पण तो यात्रेचा नंदीध्वज, म्हंजे देवाची उंच काठी, पेलायच्या सरावाला गेलेला. सोमलिंग तार हातात धरून गल्लीकडं बघत बसला. मला बघवंना. मी गाडीत जाऊन बसले.

तो म्हनला, आज्जी, उतर. मी म्हनलं, चाळीस वर्षं ताक घुसळलंय, रवीची दोरी तू ओढलीस का मी? मंग गपचिप मूठ दिली. तो ओढायचा, मी ओढायची. घर्र घर्र. शेवटी तोच म्हनला, आज्जी दमानं, माझा खांदा निघंल. काच अख्खी निघाली! सोमलिंग भाईरनं हसला, लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून. म्हनला, आज्जी, तू पुण्याला चल, तुला कामावर ठेवत्यात.

मला गाडीतनं उतरता आलं न्हाय. दाक्षायणी न् मल्लव्वानं एकेक हात धरून ओढली. ते यात धरायचं न्हाय.

मी मधी पडले न्हाय. मधी बसले. त्यात फरक हाय.

८ जानेवारी, मंगळवार

सोमलिंग चौकटीवरचा जुना डिंक पात्यानं तासतोय. मी सल्ला तीनदाच दिला.

९ जानेवारी, बुधवार

पाचदा. पण दोन चहा देताना दिले.

१० जानेवारी, गुरुवार

आज बोलायचंच न्हाय असं ठरवलं. दुपारी मल्लव्वा आली, तिला मोटारीच्या काचेचं सगळं समजावून सांगावं लागलं, म्हणून बोलले. तिला काय कळत न्हाय. विचारती, डिंकानं चिकटवल्याली काच वाऱ्यानं उडत न्हाय व्हय? मी म्हनलं, माझा नातू चिकटवतोय.

रात्री झोप न्हाय. सतरा तारीख सारखी डोळ्यांपुढं. सोमलिंग गेला तर दाक्षायणी न् मी दोघीच एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसणार. तिचं तोंड वाईट न्हाय, पण किती बघणार.

१२ जानेवारी, शनिवार. दुपारी ३

आज यण्णीमज्जन. गड्ड्याच्या यात्रेचा पहिला मान, गावातल्या अडुसष्ट लिंगांना तेलाचं न्हाणं. सकाळी नंदीध्वज निघाले, सगळी बाळीवेस भाईर. अंगावर काटा येतो, दरवर्षी येतो.

सोमलिंगनं सकाळी लोखंडी चौकट स्पिरिटनं पुसली. चारदा पुसली. दाक्षायणीला न् मला समोर उभं करून म्हनला, आता ह्याला कुणी बोटबी लावायचं न्हाय. संध्याकाळी येऊन काच बसवतो. देवाच्या गाभाऱ्याचंबी एवढं कडक नसतं. मंग गुरुबसप्पाबरोबर ध्वजामागं गेला.

मी ओट्यावर बसले. वास आला. दारूचा! त्या स्पिरिटाचा वास सरळ दारूचा, न् आज कोणता दिवस? अडुसष्ट लिंगं तेलानं न्हाऊन गार झाली, न् आमच्या दारात हे गरीब लोखंड दारू पिऊन कोरडं बसलंय. अशानं काच कशी लाभंल? गाडी न्हाय लाभली तर नातू कसा लाभंल?

घाण्याचं करडीचं तेल व्हतं. पाची बोटांनी चौकटीला चारी बाजूंनी लावलं, जास्त न्हाय, एक वाटी. मंग पदरानं पुसून घेतलं, दिसू नये म्हणून. देवाला दिसलं म्हंजे झालं. वर विभूतीची एक चिमट.

हे मधी पडणं न्हाय. ही भक्ती.

त्याच दिवशी, रात्री ८

काच बसली! येता येता त्याला दिवेलागण झाली, म्हणून कंदिलाच्या उजेडात बसवली. काळ्या डिंकाची सुतासारखी धार धरली, काच अलगद टेकवली, वर कागदी पट्ट्या चिकटवल्या, सहा. म्हनला, मंगळवारपर्यंत हात लावायचा न्हाय, पट्ट्या काढायच्या न्हाईत, दाराच्या काचा खालीच ठेवायच्या. का विचारलं तर म्हनला, सगळं बंद असताना दार आपटलं तर आतली हवा काच भाईर ढकलती. पुण्याला काय काय शिकवत्यात पोरांना. हवा काय ढकलणार!

मला एवढं बरं वाटलं की दाक्षायणीच्या आमटीला नावं ठेवली न्हाईत.

१३ जानेवारी, रविवार. भोगी

सोमलिंग पहाटेच्या एसटीनं माढ्याला बहिणीकडं तिळगूळ घेऊन गेला. मंगळवारी सकाळी येणार. जाताना म्हनला, आज्जी, गाडीकडं लक्ष ठेव. फक्त लक्ष.

संमतीच्या कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकल्या. एवढी गर्दी की माझ्या अक्षता पुढच्या बाईच्या अंबाड्यातच पडल्या, पण मागणं पोचलं. माझं मागणं एकच, देवाला पाठ झालं असंल.

घरी आले तर सणाच्या दिवशी गाडीच्या कपाळावर पट्ट्या, डोकं दुखणाऱ्या बाईगत. येणारं जाणारं विचारतंय, काय झालं हिला? दोन काढल्या. काच ढिम्म हलली न्हाय. चारी पट्ट्या जागेवर हाईत.

संध्याकाळी

चारीबी काढल्या. दोन काढल्यावर तोंड वाकडं दिसत व्हतं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

गड्ड्याच्या जत्रेतली धूळ उडत उडत हितंवर आली. मल्लव्वाचं मांजर गाडीच्या खिडकीतनं आत जाऊन गादीवर झोपलं! ते हाकललं न् दोन्ही दारांच्या काचा वर केल्या. दांडी गोल गोल फिरवायची, लई मजा येती. चार वेळा खालीवर केलं. शेवटी वर ठेवल्या, घट्ट.

सोमलिंगला म्हणावं, लक्ष म्हंजे असं.

१५ जानेवारी, मंगळवार. दुपारी १२

झालं ते लिहिते.

सोमलिंग धाला एसटीतनं उतरून आला, पिशवी खांद्यावर. पहिलं विचारलं, आज्जी, पट्ट्या कुटं? मी म्हनलं, पडल्या. तो काचेकडं वाकून बघतोय तवर श्रीमंतराव आले. पायातली चप्पल काढायच्या आधी गाडीत बसले, लहान पोरासारखे. म्हणाले, वा रं गड्या, जणू कंपनीतनंच आली. माझी छाती एवढी झाली. मी म्हनलं, आमचा नातू हाय की.

सोमलिंगला दारांच्या काचा वर दिसल्या. तो थांबा, थांबा म्हणत पुढनं धावला. तवर श्रीमंतरावांनी दार ओढलं. धाड!

गाडीनं सुस्कारा टाकला. खरंच, बाईनं टाकावा तसा. काच वरनं सुटली न् तव्यावरनं भाकरी घसरावी तशी पुढं आली. सोमलिंगनं दोन्ही हात पसरून छातीवर झेलली. तसाच उभा. काच फुटली न्हाय. एवढी मोठी काच न् पोराच्या अंगावर एक ओरखडा न्हाय, म्हंजे तेल लाभलं का न्हाय?

काच त्यानं न् श्रीमंतरावांनी मिळून पेटीत ठेवली. मंग चौकटीवरनं बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. माझ्याकडं बघितलं.

मी आभाळात बघितलं. पतंग लई व्हते.

श्रीमंतराव म्हणाले, काय रं, काय झालं हे? सोमलिंग म्हनला, साहेब, चूक माझी. चौकट नीट पुसली न्हाय, तेलकट राहिली. श्रीमंतराव म्हणाले, पुण्यात हेच शिकवत्यात व्हय? तो म्हनला, न्हाय साहेब, हे माझंच. श्रीमंतराव मिशी चोळत उभे राहिले. मंग म्हणाले, कबूल केलंस ते बरं केलंस. गाडी तशीच नेतो, तू बरोबर चल. आमच्या कारखान्याच्या शेडमधी काच बसवून दे, राहिलेल्या डिंकात भागंल. पण जीपांचं आता बोलू नगंस. पहिलीच गाडी अशी, तर जीपा कुणाच्या भरवशावर देऊ?

सोमलिंग म्हनला, बरोबर हाय साहेब.

संध्याकाळी

डिंक खराब असणार. बोटीत पाच महिने, खारी हवा. शिवाय मल्लव्वा, वाऱ्यानं उडत न्हाय व्हय म्हणाली व्हती. तिची जीभ काळी. मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या, एक मोहरी तडतडली न्हाय, त्यावरनं काय ते समजावं.

दाक्षायणीनं भाकरी थापता थापता विचारलं, सोम्या, तू तर चारदा पुसत व्हतास, मी बघितलं की. तेल आलं कुटनं? तो म्हनला, आई, माझाच हात तेलकट असंल. ती म्हनली, तुझा? तो म्हनला, व्हय, माझा. वाढ आता.

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी गेली न्हाय.

सोमलिंग बॅग भरतोय. अकलूजला काच बसवून तितनंच पुण्याच्या एसटीत बसणार.

१६ जानेवारी, बुधवार

सकाळी आठला गेले. श्रीमंतरावांनी डोक्याला मफलर गुंडाळला, डोळ्याला काळा चष्मा. काचेची पेटी मागं दोरीनं बांधली. दोरीची गाठ बरोबर न्हवती. मी बोलले न्हाय.

सोमलिंग पाया पडायला आला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर त्यानं माझा हात मधीच धरला. विचारलं, आज्जी, हात पुसलेस? रागानं न्हाय, हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं. मी व्हय म्हनलं. पुसले नव्हते, नुकती त्याच्या डब्यातल्या चपात्यांना तेल लावून आले व्हते. त्यानं खिशातला रुमाल काढला न् माझं एकेक बोट पुसलं, अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत, दोन्ही हातांची. मंग डोकं खाली केलं.

तवाच सांगणार व्हते, तेल मी लावलं. तो जाऊन गाडीत बसला. श्रीमंतरावांनी दार हळू लावलं, लई हळू. गाडी सुरू झाली, वेशीपर्यंत दिसत व्हती. पुढं काच नव्हती. मी बोलले असते तर त्याला ऐकू गेलं असतं.